गेट रजिस्टर रद्दीत घातलं, आता पुरावा कुठून आणायचा?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पत्र लांबलंय, काटछाट केलीत तरी माझी हरकत नाही, फक्त गेट रजिस्टरचा भाग तेवढा ठेवा, कारण ती चूक माझ्या हातून झालीय आणि ती कोणीतरी छापलेली बरी.

मी एका कारखान्यात टाइम ऑफिसला होतो. कारखान्याचं नाव लिहीत नाही, आता तो उभाही नाही. मस्टर, पंचिंग कार्डं, ओव्हरटाइमचे हिशोब सगळं माझ्याकडे, आणि कंत्राटदाराची जी माणसं रोज आत यायची त्यांची नावं वॉचमन गेटवरच्या रजिस्टरमध्ये लिहायचा ते रजिस्टर महिनाअखेरीला माझ्याच कपाटात यायचं. १९९९ ला कारखाना बंद झाला तेव्हा वरून तोंडी निरोप आला की रेकॉर्ड रूम मोकळी करा. लेखी काही नाही. मी आणि एक शिपाई दोन दिवस ते काम करत होतो, रद्दीवाला पुठ्ठ्याच्या कव्हरासकट घेत नव्हता म्हणून आम्ही बसून एकेका रजिस्टरचं कव्हर फाडलं, आणि पंचवीस-सव्वीस वर्षांची गेट रजिस्टरं टेम्पोत चढवली. मला तेव्हा काही म्हणजे काही वाटलं नाही, उलट खोली स्वच्छ झाली याचंच समाधान.

दोन वर्षांपूर्वी आण्णांची मुलगी घरी आली.

आण्णा म्हणजे लॅगिंगवाल्या कंत्राटदाराचा माणूस. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, वाफेच्या पाइपातली उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून पाइपावर जाड लेप चढवतात त्याला लॅगिंग म्हणतात, आणि त्या काळात तो लेप ॲस्बेस्टॉसचा, म्हणजे खाणीतून निघणाऱ्या तंतूंच्या खनिजाचा असायचा. गोणीतली पावडर अर्ध्या पिंपात ओतायची, पाणी घालायचं आणि हातानेच कालवायचं, मग तो लगदा पाइपावर थापायचा आणि वरून पट्टी गुंडाळायची. हे झालं नवीन काम, ते ओलं असतं म्हणून त्यात धूळ तशी कमी, म्हणजे गोणी ओतेपर्यंतची. खरी धूळ जुनं लॅगिंग काढताना. शटडाऊनमध्ये छिन्नी-हातोड्याने वाळलेला लेप फोडायचे तेव्हा बॉयलर हाऊसमध्ये समोरचा माणूस दिसायचा नाही, उन्हाची तिरीप आत आली की तिच्यात ते तंतू चकाकत तरंगायचे, आम्ही आत गेलो की बघत बसायचो, छान दिसायचं ते खोटं कशाला बोलू. पोरं ओल्या लगद्याचे गोळे करून एकमेकांना मारायची. जेवणाच्या सुट्टीत रिकाम्या गोणीची उशी करून आडवी व्हायची. तोंडाला कुणाच्या रुमाल असला तर असला.

आण्णा रिटायर झाले (कंत्राटी माणूस रिटायर कसला, बोलावणं बंद झालं की रिटायर), मग कितीतरी वर्षं चांगले होते, आणि एकदम दम लागायला लागला. छातीत पाणी झालं, काढलं, परत झालं. शेवटी तुकडा काढून तपासला तर मेसोथेलिओमा. फुफ्फुसाच्या भोवती जे पातळ आवरण असतं त्याचा हा कॅन्सर, आणि बहुतेक वेळा तो ॲस्बेस्टॉसमुळेच होतो म्हणून डॉक्टरने पहिला प्रश्न काय विचारला तर 'काम काय करायचात?' तंतू आत गेल्यापासून आजार दिसेपर्यंत वीस ते पन्नास वर्षं जातात. ॲस्बेस्टोसिस वेगळा, त्यात फुफ्फुसच हळूहळू ताठ होत जातं, त्याला बहुतेक करून वर्षानुवर्षांची भरपूर धूळ लागते. मेसोथेलिओमाला तेवढीही लागत नाही.

तर मुलगी म्हणाली, काका, वकीलबाईंनी तीन गोष्टी लिहून मागितल्यात, बाबा कुठल्या खात्यात काम करायचे, कुठल्या वर्षापासून कुठल्या वर्षापर्यंत, आणि ते तिथे होते हे सांगणारा कागद किंवा माणूस. कंत्राटदार गेला, त्याच्या मुलाकडे काही नाही. तुमच्याकडे गेट रजिस्टर असायचं ना?

मी तिला चहा दिला आणि काय झालं ते सांगितलं. ती काही बोलली नाही.

तेव्हापासून मी या विषयावर मिळेल ते वाचतोय, मुलाने इंटरनेटवर काढून दिलेले निकाल पण वाचले, कळले तेवढे कळले. निष्काळजीपणाचा दावा म्हटला की लोकांना वाटतं मालक दुष्ट होता हे सिद्ध करायचं असतं, तसं काही नाही. मालकावर काळजी घ्यायची जबाबदारी होती, धोका त्याला माहीत होता किंवा माहीत असायला हवा होता, तरी त्याने काळजी घेतली नाही, आणि त्यामुळेच हा आजार झाला, एवढं दाखवायचं असतं. बोलायला चार वाक्यं. पण यातलं प्रत्येक वाक्य तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या एखाद्या कागदावर येऊन अडतं.

माहीत होतं का, याच्यावर तर आमच्या जुन्या साहेबांपैकी एक जण मला फोनवर म्हणाले, अरे त्या काळी कुणाला काय माहीत होतं. मीही तेच धरून चाललो होतो. पण बघा, इंग्लंडात रॉचडेलला नेली केरशॉ नावाची बाई ॲस्बेस्टॉसच्या गिरणीत कामाला होती, ती १९२४ साली तेहतिसाव्या वर्षी वारली, तिच्या फुफ्फुसात ॲस्बेस्टॉसचे कण सापडले आणि ते त्याच वर्षी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आलं. कंपनीचं म्हणणं काय तर ॲस्बेस्टॉस विषारी नाही आणि असा आजार सरकारी यादीतच नाही, म्हणून पैसे नाकारले. १९३० ला मेरेवेदर आणि प्राइस या दोघांनी ब्रिटिश सरकारसाठी ३६३ कामगार तपासले, त्यातल्या साधारण चौथ्या हिश्शाची फुफ्फुसं खराब झालेली निघाली. १९३१ मध्ये तिकडे धूळ खेचून घेणारे पंखे वगैरे लावायचे नियम आले. १९६० मध्ये वॅग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या खाणींच्या भागातले मेसोथेलिओमाचे ३३ पेशंट दाखवले. आता आण्णा आमच्याकडे पिंपात हात घालून लगदा कालवत होते ते याच्या किती नंतर, हिशोब तुम्हीच करा.

आणि अमेरिकेतलं एक पत्र आहे. १९३५ चं. तिथल्या ॲस्बेस्टॉस धंद्यातला एक कंपनीप्रमुख, सम्नर सिम्पसन, दुसऱ्या कंपनीच्या वकिलाला लिहितो की ॲस्बेस्टॉसबद्दल जितकं कमी बोललं जाईल तितकं आपलं बरं. हे पत्र १९७० च्या दशकात कोर्टकचेऱ्यांमध्ये बाहेर आलं आणि त्याने कंपन्यांचं 'आम्हाला कुठे माहीत होतं' हे म्हणणं पार झोपवलं. मला यात नवल कशाचं वाटतं सांगू, त्यांनी ते पत्र चाळीस वर्षं जपून ठेवलं होतं. आम्ही नाही ठेवलं.

तिथलाच क्लॅरेन्स बोरेल नावाचा कामगार, काम आण्णांचंच, पाइपांवरचं इन्सुलेशन, १९३६ पासून तेहतीस वर्षं. तिकडच्या कायद्यात कामगाराला आपल्या मालकावर असा दावा साधारणपणे लावता येत नाही, कामगार भरपाईची वेगळी योजना असते, म्हणून त्याने ज्या कंपन्यांनी तो माल बनवला त्यांच्यावर लावला, की धोका असताना तुम्ही सांगितलं नाहीत. निकाल लागायच्या आधी १९७० ला तो गेला, १९७३ ला अपिलात निकाल त्याच्या बाजूने कायम झाला, आणि मग अमेरिकेत दाव्यांची रांग लागली ती इतकी की १९८२ मध्ये जॉन्स-मॅनव्हिल ही सगळ्यात मोठी कंपनी चालू धंद्यात दिवाळखोरीत गेली. बोरेलच्या जबानीत आहे की आम्ही इन्सुलेटर आपसात बोलायचो, या धुळीने टीबी तर होणार नाही ना, आणि सगळे म्हणायचे काही होत नाही, फुफ्फुसात गेली की ती विरघळते. हे वाचून मी थांबलो. आमच्या कँटीनमध्ये असंच म्हणायचे, फक्त आमच्याकडे ती विरघळायची नाही, थुंकीतून पडायची.

दावा लावायच्या मुदतीचं तर अजून वेगळंच. इंग्लंडात १९६३ साली एक केस झाली, कार्टलेज म्हणून, ती ॲस्बेस्टॉसची नव्हे तर दुसऱ्या धुळीची, स्टीलच्या फाउंड्रीतल्या कामगारांची. वरच्या कोर्टाने सांगितलं की नुकसान शरीरात झालं त्या दिवसापासून मुदत सुरू झाली, तुम्हाला कळलं नसलं तरी. म्हणजे आजार दिसायच्या आधीच दावा मुदतबाह्य! न्यायाधीशांना स्वतःलाच ते अन्यायाचं वाटलं होतं, त्याच वर्षी पार्लमेंटने कायदा बदलला आणि आता तिकडे कळल्यापासून तीन वर्षं धरतात. कळल्यापासून म्हणजे आजार गंभीर आहे आणि तो त्या कामामुळे असू शकतो हे कळल्यापासून. ज्यांच्या घरात असं दुखणं निघालंय त्यांनी हे ध्यानात ठेवा, आपल्याकडचीही मुदत वकिलाला लगेच विचारा, दिवस कार्य सगळं झाल्यावर बघू असं करू नका.

मग प्रश्न येतो चार ठिकाणी काम केलेल्या माणसाचा. आण्णाही आमच्याकडेच होते असं नाही, कंत्राटदार आज इथे उद्या तिथे न्यायचा. कुठल्या कारखान्यातल्या तंतूने कॅन्सर झाला हे जगातला कुठलाच डॉक्टर सांगू शकत नाही, आणि प्रत्येक मालकाचा वकील उठून म्हणतो, आमच्याच इथला कशावरून? याच्यावर इंग्लंडात २००२ मध्ये फेअरचाइल्ड नावाचा निकाल आला की मेसोथेलिओमामध्ये ज्या ज्या मालकाने निष्काळजीपणे धोका वाढवला तो तो जबाबदार, नेमका तंतू कुणाचा हे कामगाराला सिद्ध करायला लावू नका. २००६ मध्ये त्याच कोर्टाने सांगितलं की प्रत्येकाने फक्त आपल्या वाट्यापुरतं द्यायचं, तर त्याच वर्षी पार्लमेंटने कायदा करून ते फिरवलं, मेसोथेलिओमात कुणाही एकाकडून पूर्ण वसूल करता येतं, मग त्या मालकांनी आपसात भांडावं. मला हे फार पटलं. पण फेअरचाइल्डचा फायदा घ्यायचा तरी त्या चारपैकी निदान एका ठिकाणी तुम्ही होतात हे दाखवावंच लागतं की नाही?

कंपनीच उरली नाही तर काय, हेही लोक विचारतात. डेव्हिड चँडलर नावाच्या एका ब्रिटिश कामगाराला जवळपास पन्नास वर्षांनी आजार निघाला तेव्हा ज्या कंपनीत काम केलं ती बरखास्त होऊन गेलेली. त्याने तिच्या मूळ कंपनीवर, म्हणजे केपवर दावा लावला, आणि २०१२ मध्ये कोर्टाने धरलं की सगळ्या ग्रुपच्या कामगारांच्या तब्येतीचं बघणारी माणसं वरच्या कंपनीत होती, तिला धोका माहीत होता, म्हणून जबाबदारी तिचीही. याच केपवर त्याआधी दक्षिण आफ्रिकेतले तीन हजारांहून जास्त खाणकामगार आणि आसपासचे लोक थेट लंडनला दावा घेऊन गेले होते, २००० साली तिथल्या सर्वोच्च पातळीवर त्यांना परवानगी मिळाली. जुना विमाही असतो कुठेतरी. ब्रिटनमध्ये तर मालक किंवा विमा कंपनी सापडतच नाही अशा मेसोथेलिओमाच्या पेशंटसाठी २०१४ मध्ये वेगळा कायदा करून विमा कंपन्यांच्या पैशातून योजना काढली. म्हणजे रस्ते आहेत, बरेच आहेत, फक्त प्रत्येकाच्या तोंडाशी कागद मागायला कोणीतरी बसलंय.

बायकांचंही लिहायला हवं. आण्णांच्या मिसेस त्यांचे कपडे अंगणात झटकून मग भिजवायच्या, नाहीतर बादलीत गाळ साचतो म्हणून. त्या धुळीने घरच्या माणसांना मेसोथेलिओमा झाल्याच्या केसेस जगभर आहेत. इंग्लंडात एका शिपयार्ड कामगाराच्या बायकोची केस अपिलात २००५ मध्ये हरली, कारण नवऱ्याचं काम १९६५ पर्यंतचं आणि घरी नेलेल्या थोड्याशा धुळीचा धोका मालकाने ओळखायला हवा होता असं त्या आधीच्या काळासाठी म्हणता येत नाही, असं कोर्टाचं मत पडलं. १९६५ लाच घरच्या धुळीबद्दलचा अभ्यास छापून आला होता. उलट लीड्समध्ये कारखान्याच्या दारातल्या धुळीत खेळून मोठ्या झालेल्या मुलांनी १९९६ मध्ये केस जिंकली, कारण ती धूळ भरपूर होती आणि मालकाला समोर दिसत होती. तर एकाच आजाराला वर्ष कुठलं आणि धूळ किती यावर निकाल फिरतो. आण्णांच्या मिसेस तब्येतीने ठणठणीत आहेत, तेवढं बरंय.

आता आपल्याकडचं. १९९५ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरच्या केसमध्ये ॲस्बेस्टॉस उद्योगांना सांगितलं की प्रत्येक कामगाराचं हेल्थ रेकॉर्ड कामाला लागल्यापासून किमान ४० वर्षं किंवा काम सुटल्यापासून १५ वर्षं, यातलं जे उशिरा संपेल तोपर्यंत ठेवा. चाळीस वर्षं! कोणीतरी आजाराचा हिशोब बरोबर मांडला होता. आम्ही रेकॉर्ड रूम रिकामी केली ती याच्या चार वर्षांनंतर, आणि आमच्या ऑफिसात या निकालाचं नावही कोणी ऐकलं नव्हतं. तसा तो आदेश आम्हाला लागू झालाच नसता म्हणा, आम्ही ॲस्बेस्टॉस वापरणारे, बनवणारे नव्हतो, आणि आण्णांचं हेल्थ रेकॉर्ड नावाची वस्तू कधी नव्हतीच. खरी गोम इथेच आहे. लॅगिंगवाले, गॅस्केट कापणारे, जुनी बॉयलर आणि जहाजं तोडणारे, पत्रे कापणारे यातली बरीच माणसं वापरणाऱ्याच्या दारात आणि तीही कंत्राटदाराच्या नावावर. कायम कामगाराचं निदान ईएसआय (सरकारी कामगार विमा) कार्ड असायचं, त्याला मालकावर वेगळा दावा लावता येत नाही असं ईएसआय कायद्याच्या कलम ५३ वरून सुप्रीम कोर्टाने १९९७ मध्ये सांगितलं ही गोष्ट खरी, पण त्याला जायला एक दार तरी असतं. आण्णांना कंत्राटदाराने कधी ईएसआयमध्ये घातलंच नाही. म्हणजे त्यांना दावाच करायला हवा, आणि दाव्याला लागणारा एकच कागद त्यांचा होता, वॉचमनच्या वेड्यावाकड्या अक्षरातली गेटवरची नोंद. ती मी कव्हर फाडून दिली.

म्हणून सरकारला, कामगार खात्याला माझं म्हणणं एवढंच की कारखाना बंद होताना मशिनरीची यादी होते तशी रजिस्टरांची व्हावी, गेटची सुद्धा, कंत्राटदाराची सुद्धा, आणि ती फॅक्टरी इन्स्पेक्टरच्या ऑफिसात जमा व्हावीत, टाइम ऑफिसच्या क्लार्कच्या अकलेवर सोडू नयेत. आता तर फोनवर फोटो काढले तरी भागेल.

आणि माझ्यासारखे जे असतील, टाइम ऑफिस, स्टोअर, मेंटेनन्सवाले, त्यांनी घरातली कपाटं बघा. एखादा जुना गेटपास, स्टोअरची इश्यू स्लिप ज्यावर ॲस्बेस्टॉस रोप किंवा पावडर किती गोण्या लिहिलंय, शटडाऊनला काढलेला ग्रुप फोटो, बोनस वाटपाची यादी, पगाराचं पाकीट, युनियनची पावती, काहीही. ज्यांनी असं काम केलंय आणि अजून धडधाकट आहेत त्यांनी आजच वहीत लिहून काढा, कुठे, कुठल्या साली, काय करत होतो, बाजूला कोण होतं, धूळ कशी उडायची, मास्क मिळाला का, कोणी सांगितलं का. वकीलबाई म्हणाल्या की नुसतं 'ॲस्बेस्टॉसमध्ये काम केलं' याला कोर्टात फार वजन नसतं, पण 'तीन नंबर बॉयलरच्या मागच्या भिंतीचं लॅगिंग दिवाळीच्या शटडाऊनमध्ये आम्ही चौघांनी फोडलं' याला असतं. सोबत काम केलेला माणूस जिवंत असताना त्याचं प्रतिज्ञापत्र करून घ्या.

आण्णा गेल्या पावसाळ्यात गेले. त्यांची जबानी घरीच, पलंगावर, आधी रेकॉर्ड करून ठेवली होती, मध्ये मध्ये ऑक्सिजनचा आवाज येतो. दावा मुलगी पुढे चालवतेय. मी माझं प्रतिज्ञापत्र दिलंय, त्यात रद्दीचंही लिहिलंय, वकीलबाई म्हणाल्या ते राहू दे. त्यांना अजून साक्षीदार हवेत म्हणून मी रात्री डोळे मिटून गेटवर उभा राहतो आणि आत येणारी लॅगिंगची गँग आठवतो. सात नावं झालीत. त्यातले तिघे आहेत, दोघे बोलायला तयार आहेत. आठवा एक डावखुरा होता, सही करायचा नाही, अंगठा द्यायचा, त्याचं आडनाव काही केल्या आठवत नाहीये. हे पत्र वाचून कुणाला आठवलं तर तुमच्या पत्त्यावर कळवायला सांगा, मी येऊन घेऊन जाईन.

आपला,
एक निवृत्त टाइमकीपर